डॉ. आ. ने. उपाध्ये : विद्याक्षेत्रातील एक नेतृत्व

दूधगंगेच्या काठी वसलेले सदलगा हे चिकोडी तालुक्यातील गाव आज कर्नाटकाच्या नकाशावर असले, तरी त्याच्या बाजारात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. याच गावी ६ फेब्रुवारी १९०६ रोजी आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म झाला. प्राकृत भाषांच्या अभ्यासकांत हे नाव देशोदेशी आदराने घेतले जाते. ज्या मातीत ते जन्मले, तेथील नव्या पिढीला मात्र त्यांची ओळख बहुधा नावापुरतीच उरली आहे. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात नेतृत्व कसे घडते, त्यासाठी कोणते गुण अंगी बाणवावे लागतात, असा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येक तरुणाने या सदलगेकराचे चरित्र अभ्यासावे, इतके ते बोधप्रद आहे.

उपाध्ये हे आडनावच मुळी जैन समाजातील पूजाविधी आणि शास्त्रपठण यांची परंपरा सांभाळणाऱ्या घराण्याचे. लहानपणी कानांवर पडणारे प्राकृत पाठ, घराबाहेर मराठी आणि कन्नड यांचा नित्य व्यवहार, अशा वातावरणात आदिनाथ वाढले. गावातील प्राथमिक शिक्षण संपवून ते माध्यमिक शिक्षणासाठी बेळगावास गेले. पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाशी निगडित असलेले प्राकृतचे थोर पंडित डॉ. प. ल. वैद्य यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. जुन्या ग्रंथाकडे केवळ श्रद्धेने न पाहता हस्तलिखितांच्या पुराव्यावर त्याचा पाठ निश्चित करावयाचा, ही शिस्त त्या काळी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्ताने रुजत होती. तिचे संस्कार या तरुणावर विद्यार्थिदशेतच झाले. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस होते.

राजाराम महाविद्यालय १८८० पासूनचे, कोल्हापूर संस्थानच्या आश्रयाने वाढलेले. १९३० साली तेथे प्राचार्यपदी इतिहाससंशोधक डॉ. बाळकृष्ण होते. महाविद्यालयाला लौकिक होता, परंतु अर्धमागधी या विषयाला तो नव्हता. संस्कृतकडे विद्यार्थ्यांचा ओढा स्वाभाविक होता. अर्धमागधी घेणारे थोडे, आणि घेणाऱ्यांपुढेही नीट छापलेली पाठ्यपुस्तके नाहीत, अशी अवस्था होती. अशा विषयाच्या अध्यापकापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे नेमलेला भाग शिकवून वेतन घेत राहावयाचे. दुसरी म्हणजे विषयच उभा करावयाचा. उपाध्ये यांनी दुसरी वाट धरली. विद्यार्थ्यांच्या हाती विश्वसनीय पाठ असावा म्हणून त्यांनी पंचसुत्तासारखी छोटी प्राकृत पुस्तके प्रस्तावना, भाषांतर आणि टिपांसह तयार केली. वर्गात उणे काय आहे, हे ओळखून ते आपल्या हातांनी भरून काढणे, ही त्यांच्या नेतृत्वाची पहिली पायरी होय.

१९३५ मध्ये त्यांनी संपादिलेले कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार प्रसिद्ध झाले आणि एका संस्थानी महाविद्यालयातील हा तरुण अध्यापक विद्वानांच्या नजरेत भरला. या आवृत्तीला जोडलेली विस्तृत इंग्रजी प्रस्तावना हाच एक स्वतंत्र प्रबंध होता. कुंदकुंदांचा काळ, त्यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांची छाननी, टीकाकारांची परंपरा आणि ग्रंथाच्या प्राकृताचे व्याकरण अशा सर्व अंगांनी तीत विचार केलेला होता. स्वतःच्या धर्मपरंपरेतील परमपूज्य ग्रंथ हाती असताना, जे पुराव्याने सिद्ध होत नाही ते सिद्ध झाले असे म्हणावयाचे नाही, हा संयम सोपा नसतो. उपाध्ये यांनी तो अखेरपर्यंत पाळला. १९३७ मध्ये जोइंदूचा अपभ्रंश भाषेतील परमात्मप्रकाश, १९३८ मध्ये जटासिंहनंदीचे वरांगचरित असे ग्रंथ पाठोपाठ आले. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली.

येथे त्यांच्या सदलग्याच्या जन्माचे महत्त्व ध्यानी येते. दक्षिणेतील जैन मठांतून जतन केलेली ताडपत्रे बहुतांशी कन्नड लिपीत लिहिलेली. उत्तरेकडील पंडितांना भाषा कळे, पण लिपी अडे. अनेकांना दुसऱ्याने केलेल्या नकलेवर विसंबावे लागे. उपाध्ये यांना ती लिपी लहानपणापासून परिचित होती. सीमेवर जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दोन भाषांना अनेक जण ओझे समजतात. उपाध्ये यांनी त्यांचे साधन केले आणि दक्षिणेतील ताडपत्रे व उत्तरेतील छापखाने यांच्यामधील दुवा ते स्वतः बनले.

या दुव्याची खरी कसोटी लागली ती षट्खंडागमाच्या प्रकाशनात. या प्राचीन ग्रंथाची धवला टीकेसह असलेली ताडपत्रे मूडबिद्रीला शतकानुशतके जपून ठेवलेली होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी तिचे संपादन हाती घेतले. १९३९ मध्ये पहिला भाग निघाला आणि एकूण १६ भागांचे हे काम पूर्ण होण्यास पुढे वीस वर्षे लागली. या कामात उपाध्ये यांनी हीरालालजींना साहाय्य केले. मुख्य श्रेय दुसऱ्याचे असलेल्या कामासाठी वेळ देण्याची ही वृत्ती विद्याक्षेत्रात फारशी आढळत नाही. त्यांच्या बाबतीत तीच पुढे मोठ्या नेतृत्वाचे मूळ ठरली. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला सुरू झाली, तेव्हा तिचे प्रधान संपादक म्हणून उपाध्ये आणि हीरालाल जैन ही जोडी पुढे आली. १९४३ मध्ये तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग याच मालेतून बाहेर पडला. पुढे भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी ग्रंथमालेचीही धुरा या दोघांनी वाहिली.

ग्रंथमालेचे प्रधान संपादकपद म्हणजे नुसता मान नव्हे. कोणता ग्रंथ आधी छापावयाचा हे ठरवावे लागते, योग्य संपादक हुडकावा लागतो, त्याच्यासाठी हस्तलिखिते मिळवावी लागतात. मठाधिपती, भांडारांचे विश्वस्त, दाते आणि मुद्रक या सर्वांना सांभाळावे लागते. आलेल्या मुद्रितांवर ओळ न ओळ नजर फिरवावी लागते. आणि तरुण संपादकाची चूक त्याचा उत्साह न मोडता दाखवून द्यावी लागते. विद्यापीठाच्या विभागप्रमुखाला लागणारे सारे गुण हेच होत. उपाध्ये यांनी ते कोणत्याही पदावर नेमणूक होण्यापूर्वीच, कोल्हापुरात आपल्या अभ्यासिकेत बसून, आत्मसात केले होते.

त्यांच्या स्वतःच्या संपादनांचा आवाकाही थक्क करणारा आहे. हरिषेणाचा बृहत्कथाकोश १९४३ मध्ये आला. १५७ कथांच्या या संग्रहाला जोडलेल्या प्रस्तावनेत जैन कथावाङ्मयाचा समग्र आढावा घेतलेला आहे. केरळातील रुद्रदासाचे चंद्रलेखा आणि तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित घनश्याम पंडिताचे आनंदसुंदरी ही प्राकृत सट्टके त्यांनी प्रकाशात आणली. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली कोऊहल कवीची लीलावई ही तर मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची. गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा राजा सातवाहन आणि सिंहलची राजकन्या यांची ही प्रेमकथा, आणि कवीने तिच्या भाषेचा निर्देशही महाराष्ट्रदेशीची भाषा असाच केलेला आहे. उद्योतनसूरीने इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेली कुवलयमाला त्यांनी जेसलमेरचे ताडपत्र आणि पुण्याची कागदी प्रत यांच्या आधारे संपादिली. तिचा पहिला भाग १९५९ मध्ये आणि दुसरा १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांचे त्यांच्या बोलीसह केलेले वर्णन या ग्रंथात आहे आणि त्यांत मरहट्टाही आहे. मराठी भाषेच्या प्राचीनतेची चर्चा करताना या उल्लेखाचा आधार घ्यावाच लागतो.

या साऱ्या वर्षांत त्यांच्या भोवतीचे जग बदलत होते. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर सदलगाही म्हैसूर राज्यात गेले. जन्मगाव एका राज्यात आणि कर्मभूमी दुसऱ्या राज्यात, अशी उपाध्ये यांची स्थिती झाली. सीमाभागातील हजारो कुटुंबांच्या वाट्याला हेच दुःख आले होते. अशा वेळी भाषेच्या नावाने माणसे एकमेकांपासून दुरावणे सोपे असते. १९६६-६७ मध्ये महाजन आयोगाचे काम चालू होते, दोन्ही बाजूंची मने तापलेली होती. त्याच १९६७ साली श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हापूरनिवासी उपाध्ये यांनी भूषविले. महाराष्ट्री प्राकृताच्या सेवेत हयात घालविलेल्या पंडिताला कन्नड भाषिकांनी हा मान द्यावा, आणि त्याने तो घेऊन पुन्हा कोल्हापुरातील आपल्या कामास लागावे, यात त्या काळाच्या कोलाहलातही विद्येचा एक वेगळा सूर ऐकू येतो. सीमेचा प्रश्न त्याने सुटला नाही, सुटणारही नव्हता. परंतु दोन भाषांच्या मधला विद्येचा रस्ता एका माणसाने उघडा ठेवला, ही गोष्ट लहान नाही.

१९६२ मध्ये बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर ते राजाराम महाविद्यालयातून निवृत्त झाले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली व डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. नव्या विद्यापीठाला इमारतींइतकीच विद्वत्तेच्या परंपरेची गरज असते. उपाध्ये यांनी गुणश्री प्राध्यापक म्हणून आणि कला शाखेचे अधिष्ठाता म्हणून या विद्यापीठाच्या घडणीस हातभार लावला. १९६६ मध्ये अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनाचे ते प्रमुख अध्यक्ष झाले. प्राच्यविद्येच्या भारतीय अभ्यासकाला मिळू शकणारा हा फार मोठा बहुमान होय.

पासष्टाव्या वर्षी बहुतेक विद्वान आपले संचित राखून विसावा घेतात. उपाध्ये १९७१ मध्ये म्हैसूरला गेले. तेथील विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत यांचा नवा विभाग सुरू होत होता आणि त्याचे पहिले प्राध्यापक व प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली. चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात जे एकट्याने आरंभिले, तेच आता संस्थेच्या रूपाने पुन्हा शून्यातून उभे करावयाचे होते. अभ्यासक्रम आखणे, ग्रंथसंग्रह जमविणे, संशोधक विद्यार्थी घडविणे हे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात अंगावर घेतले. १९७३ मध्ये दीर्घकाळचे सहकारी हीरालाल जैन निवर्तले. तरीही हातातील कामे थांबली नाहीत. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापूर येथे उपाध्ये यांचे निधन झाले. त्यांचे विखुरलेले संशोधनपर लेख पुढे १९८३ मध्ये म्हैसूर विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

कुलगुरुपद डॉ. उपाध्ये यांच्या वाट्याला आले नाही. तरीही प्राकृत विद्येच्या क्षेत्रात दोन पिढ्यांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. या नेतृत्वाची जडणघडण पाहिली, म्हणजे तिचे टप्पे स्पष्ट दिसतात. आधी एका विषयात निर्विवाद प्रभुत्व; मग विद्यार्थ्यांची अडचण ही आपलीच अडचण मानण्याची सवय; मग सहकाऱ्याच्या कामास लावलेला हात; मग अनेकांना एकत्र जोडून दीर्घ काळ चालणारी योजना तडीस नेण्याचे धैर्य; आणि अखेरीस, स्वतःच्या पश्चात टिकेल असा विभाग उभा करून बाजूस होण्याची तयारी. अधिकारपदे या क्रमात उशिरा आली, आणि आली तेव्हा त्यांना पेलणारा माणूस आधीच तयार होता.

महाविद्यालयात अध्यापक होऊ पाहणारे आजचे तरुण पदांच्या पायऱ्या मोजत असतात. सीमाभागातील तरुणाला तर आपण दोन राज्यांच्या मध्ये अडकलो आहोत, आपल्याला संधी कोठून येणार, असेही वाटत असते. त्याने ग्रंथालयातील कपाट उघडून प्रवचनसाराची किंवा लीलावईची प्रत हाती घ्यावी आणि तिची प्रस्तावना व तळटिपा शांतपणे चाळाव्या. दूधगंगेच्या काठच्या एका मुलाने दोन भाषांच्या बळावर केवढे कार्य उभारले, याची साक्ष तेथे पानोपानी मिळेल.