बाहेरून आले, आपले झाले : डॉ. रफिक झकेरिया

निवडणुका आल्या की आमचे माजी विद्यार्थी विचारतात, नवख्याला मत कोण देणार? आम्ही त्यांना डॉ. रफिक झकेरियांबद्दल सांगतो. त्यांचा जन्म १९२० चा, नालासोपाऱ्याचा. लंडनहून पीएचडी, मुंबईत वकिली. औरंगाबादला ते बाहेरचेच. तरी १९६२ मध्ये इथून आमदार झाले. पाठीशी काँग्रेस होती, हे खरं. पण पक्षामुळे मतं मिळतात, मोहब्बत कमवावी लागते. पुढच्याच वर्षी, १९६३ ला, त्यांनी मौलाना आझाद कॉलेज सुरू केलं. मंत्री म्हणून शहराच्या विस्तारासाठी झटले. २००५ मध्ये ते गेले. किती मतांनी जिंकले होते, आज कुणाला आठवत नाही. कॉलेजात मात्र आपली मुलं-मुली अजूनही शिकताहेत. उभं राहणाऱ्या तरुणांनो, जिंकल्यावर काय उभारणार, ते आधी ठरवा.