शाळेत भूगोल कसा शिकवावा, हे या रशियन प्रिन्सने जेलमध्ये बसून सांगितलं होतं

सहावी-सातवीचा भूगोल म्हटलं की काय आठवतं? राजधान्या पाठ करा, नद्यांची नावं पाठ करा, नकाशा भरा. १८८५ च्या सुमारास युरोपातल्या पोरांचेही हेच हाल होते. तेव्हा हे बदला म्हणणाऱ्यांत एक जण फ्रान्सच्या क्लेअरव्हो तुरुंगात शिक्षा भोगत होता. त्याचं नाव पीटर क्रोपोत्किन.

आज लोक त्याला अराजकवादी विचारवंत म्हणून ओळखतात. पण मुळात गडी भूगोलाचा.

जन्म १८४२ चा, मॉस्कोतल्या प्रिन्स घराण्यातला. बापाच्या मालकीचे हजारावर भूदास. झारच्या खास लष्करी शाळेत शिकला. मनात आणलं असतं तर राजधानीत आरामाची नोकरी होती, पण १८६२ साली त्याने मागून घेतला सैबेरिया. तिथे पाच वर्षं फिरला. एकदा तर व्यापाऱ्याच्या वेशात मांचुरिया पार केला. मग त्याच्या लक्षात आलं, की आशियाच्या नकाशावर डोंगररांगा चुकीच्या दिशेने काढल्यात. त्या उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम नाहीत, मुख्यतः नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात. हे मांडायला त्याला काही वर्षं लागली.

१८७१ मध्ये रशियन भूगोल संस्थेने सचिवपद देऊ केलं. त्याने नाही म्हटलं. शेतकरी उपाशी असताना आपण एकट्याने ज्ञानाचा आनंद घ्यायचा, हे त्याला पटेना. १८७४ मध्ये क्रांतिकारी कामासाठी अटक झाली. कोठडीत हिमयुगावरचा अहवाल लिहायची परवानगी मिळाली, तीही सूर्यास्तापर्यंतच. १८७६ मध्ये तुरुंगाच्या इस्पितळातून तो पळाला. शेजारच्या घरातून वाजलेलं व्हायोलिन हा इशारा होता. (सिनेमावाल्यांनी लक्ष द्यावं.)

पुढे फ्रान्समध्ये १८८३ साली पुन्हा पाच वर्षांची शिक्षा. तेव्हाच लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी शाळांतल्या भूगोलाची पाहणी करत होती. क्रोपोत्किनने भूगोल कसा असावा यावर लेख लिहिला, तो डिसेंबर १८८५ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आला.

त्याचं म्हणणं साधं होतं. पोरांना प्रवासाच्या गोष्टी आवडतात, तिथूनच सुरुवात करा. त्यांना बाहेर न्या, ओढा, टेकडी, माती बघू द्या. वेगवेगळ्या देशांतल्या शाळांनी एकमेकींना पत्रं आणि दगड-वनस्पतींचे नमुने पाठवावेत. पण त्याचा खरा जोर दुसरीकडे होता. दूरदेशची माणसं रानटी, आपणच शहाणे, हा समज लहानपणीच डोक्यात बसतो. तो काढायचं काम भूगोलाच्या तासाचं, असं तो म्हणत होता. आणि हे कधी? युरोपची साम्राज्यं आफ्रिका वाटून घेत होती तेव्हा.

जानेवारी १८८६ मध्ये तो सुटला आणि इंग्लंडला गेला. तीस वर्षं तिथेच काढली. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियात परतला, पण बोल्शेविकांशी त्याचं जमलं नाही. १९२१ मध्ये मॉस्कोजवळच्या दिमित्रोव गावात त्याचा मृत्यू झाला. सैबेरियातल्या एका डोंगररांगेला आज त्याचं नाव आहे.