समुद्राचे मीठ मोजणारे नान्सेन

फ्रिड्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) या नॉर्वेजियन गृहस्थांचे नाव सुशिक्षितांस ठाऊक असते ते दोन कारणांनी. १८८८ मध्ये ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडणारे धाडसी प्रवासी, आणि महायुद्धानंतर देशोधडीला लागलेल्या निर्वासितांना पारपत्र मिळवून देणारे १९२२ चे शांतता नोबेलचे मानकरी. या दोन कीर्तींच्या मधल्या काळात त्यांनी समुद्राच्या पाण्यातील मीठ मोजले, ही गोष्ट मात्र मागे पडली. भूगोलाच्या तासाला सागरजलाची सरासरी क्षारता दर हजारी ३५, एवढे पाठ करून विद्यार्थी पुढे सरकतात. त्या आकड्याचा हवामानाशी संबंध काय, हे समजावण्यास नान्सेन यांच्या चरित्राइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून ध्रुवाकडे वाहत जाऊ द्यायचे, हा त्यांचा १८९३ चा बेत अनेक जाणत्यांना वेडगळ वाटला होता. जहाज तगले, ध्रुवसमुद्र उथळ आहे हा समज मात्र तगला नाही. सोबतची दोरी तळाला पुरेना, तेव्हा जहाजावरील पोलादी दोराचे पीळ उलगडून नवी तार वळावी लागली आणि तळ ३,००० मीटरांहून खोल निघाला. त्याहून नवल पुढेच होते. वरचे पाणी गोठणबिंदूच्या आसपास, आणि सुमारे २०० मीटरांखाली मात्र शून्य अंशाहून उबदार! थंड पाणी जड, ते खाली जावे, हा नियम येथे उलटा का झाला? उत्तर मिठात होते. सैबेरियातील नद्यांचे पाणी मिसळलेला वरचा थर थंड असूनही कमी खारट, म्हणून हलका. अटलांटिकहून आलेले पाणी उबदार असूनही अधिक खारट, म्हणून जड. खालची ऊब या झाकणाखाली अडकते आणि वरचे बर्फ टिकते. भारतीय विद्यार्थ्याला बंगालच्या उपसागराचे उदाहरण द्यावे. तेथेही नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि चक्रीवादळांना उष्णता पुरवतो.

फ्रामवर नोंदलेले खोल पाण्याच्या क्षारतेचे आकडे पुढे चढे असल्याचे दिसून आले. शतांशाची चूकही येथे निष्कर्ष फिरवते. उत्तर युरोपातील राष्ट्रांनी १९०२ मध्ये सागरसंशोधनासाठी परिषद स्थापली, तेव्हा तिची ख्रिस्तियानिया येथील प्रयोगशाळा नान्सेन यांच्याकडे आली. सर्वांची मापे एकमेकांशी जुळावीत यासाठी प्रमाण समुद्रजल तयार करणे हे तिचे एक काम. तराजू आणि वजने एक नसतील तर बाजार चालत नाही, तसेच हे. हव्या त्या खोलीवर पालथी होऊन तोंड मिटणारी त्यांची धातूची बाटली पुढे कित्येक दशके जगभरच्या जहाजांवर वापरात होती.

१९०९ मध्ये हेलांड-हान्सेन यांच्यासह त्यांनी नॉर्वेजियन समुद्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवाहातील उष्णतेचा संबंध त्यात हिवाळा, पिके आणि मासेमारी यांच्याशी लावलेला आहे. संबंध जुळविण्याचा उत्साह जरा अधिकच होता म्हणावे. पण समुद्राचा ताळेबंद शेतकऱ्याच्या कोठारापर्यंत नेणारी ती दृष्टी मोठीच. हिवाळ्यात थंडावलेले खारट पाणी ग्रीनलंडजवळ खोल बुडते, हेही त्यांनी मांडले होते.

पुढे १९२१ चा रशियातील दुष्काळ आला आणि ते मदतकार्यात गुंतले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. १९६० च्या दशकाअखेर उत्तरेकडून कमी खारट पाण्याचा मोठा लोंढा अटलांटिकमध्ये उतरला, तेव्हा लॅब्राडॉर समुद्रातील हिवाळी बुडणे काही वर्षे जवळजवळ थांबले होते. ज्या हिमपठारावरून तरुण नान्सेन स्कीवर चालत गेले, त्याचेच वितळलेले गोडे पाणी आता त्या समुद्रांत उतरत आहे.