विश्लेषण : दीर्घिकाही म्हाताऱ्या होतात, हे दाखवणाऱ्या बीट्रिस टिन्स्ली

विश्वाचे प्रसरण किती मंदावते आहे, हे मोजण्यासाठी १९६०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ दूरच्या तेजस्वी दीर्घिकांचा आधार घेत. या मोजमापातला कच्चा दुवा पंचविशीतल्या एका विद्यार्थिनीने संगणकाच्या मदतीने उघड केला.

बीट्रिस टिन्स्ली कोण होत्या?

जन्म १९४१, इंग्लंडमधील चेस्टर. बालपण आणि शिक्षण न्यूझीलंडमध्ये. पतीच्या नोकरीमुळे १९६३ मध्ये त्या अमेरिकेत डॅलसला आल्या. तिथे मनाजोगे काम मिळेना, म्हणून त्यांनी सुमारे ३०० किलोमीटरवरच्या ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला. ये-जा करत १९६६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला.

प्रबंधात काय होते?

दीर्घिकेचे आयुष्य त्यांनी संगणकावर छोट्या छोट्या टप्प्यांत मांडले. प्रत्येक टप्प्यात किती वायूचे तारे बनले, त्यातले कोणते विझले, याचा हिशेब ठेवून एकूण प्रकाश आणि रंग काढला. जड तारे लवकर संपतात. त्यामुळे नवे तारे बनणे थांबले की दीर्घिका मंद आणि लालसर होत जाते.

वाद कशावरून?

दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. दूरच्या दीर्घिका तरुणपणी अधिक तेजस्वी असतील, तर त्या वाटतात त्याहून जास्त लांब असणार. मग प्रसरणाचे गणितही बदलते. अ‍ॅलन सँडेज यांच्यासारख्या दिग्गजांना हा बदल किरकोळ वाटत होता. टिन्स्ली मागे हटल्या नाहीत. १९७४ मध्ये तीन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात विश्व कायम प्रसरण पावत राहील, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

किंमत काय मोजली?

दोन दत्तक मुले, घर आणि संशोधन यांची ओढाताण झाली. १९७४ मध्ये घटस्फोट झाला, मुलांपासून दूर राहावे लागले. १९७५ मध्ये त्या येल विद्यापीठात गेल्या आणि १९७८ मध्ये तिथे खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. उजवा हात चालेनासा झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहून शेवटचा निबंध पूर्ण केला. २३ मार्च १९८१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीर्घिकेच्या रंगावरून तिचे वय आणि त्यातील ताऱ्यांचा इतिहास काढण्याची आजची पद्धत टिन्स्ली यांनी घातलेल्या पायावरच उभी आहे.