एक धर्मशील दुकानदार

परलोकीं सद्गति मिळावी ही इच्छा सर्व धर्मांच्या लोकांस सारखीच असते. परंतु तिच्यासाठीं मनुष्य जें कांहीं करतो तें बहुधा प्रार्थनेच्या जागीं करतो, आणि पेढीवर येऊन बसला कीं त्याचा हिशेब निराळा सुरू होतो. नफ्याचा कांहीं अंश दानधर्मास लावला म्हणजे बाकीचा नफा आपोआप शुद्ध होतो, अशी समजूत असणारे गृहस्थ बाजारांत थोडे नाहींत. त्यांनीं जॉन वुलमन या अमेरिकन ख्रिस्ती दुकानदाराचें चरित्र एकवार अवश्य पाहावें.

वुलमन याचा जन्म इ. स. १७२० मध्यें न्यू जर्सी प्रांतांत, क्वेकर पंथाच्या एका शेतकरी कुटुंबांत झाला. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वरी प्रकाश असतो, असें हा पंथ मानतो. एकविसाव्या वर्षीं तो माउंट हॉली येथील एका दुकानांत विक्री करण्यास व जमाखर्च लिहिण्यास राहिला. तेथें एके दिवशीं धन्यानें आपली एक आफ्रिकन दासी विकली व विक्रीखत लिहिण्यास त्यास सांगितलें. घेणारा वृद्ध क्वेकर समोर खोळंबलेला, आणि हा तर पगारी नोकर! त्यानें खत लिहून दिलें; मात्र गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे, हें दोघांदेखत सांगितलें. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. हें काम आपण नाकारावयास हवें होतें, ही टोचणी त्यास लागली, व पुढें एका तरुणानें तसाच कागद लिहावयास सांगितला तेव्हां त्यानें साफ नकार दिला.

त्याची वागण्याची रीत मात्र भांडखोर नव्हती. एका जखमी शेजाऱ्यानें त्याजकडून मृत्युपत्र लिहवून घेतलें. वुलमननें सर्व मजकूर लिहिला. फक्त दासी वारसास देण्याचें कलम गाळलें. मग बिछान्याजवळ बसून त्यानें तो वाचून दाखविला, उरलेलें कलम लिहिण्यास मन धजत नाहीं असें सांगितलें, आणि झालेल्या कामाचा एक पैसाही मागितला नाहीं. दोघांचें बरेंच बोलणें झालें. शेवटीं तो गृहस्थ दासीस मुक्त करण्यास कबूल झाला, तेव्हां मृत्युपत्र पुरें झालें.

पुढें वुलमननें स्वतःचें दुकान काढलें व तें चांगलें चाललें. येथेंच त्याची खरी परीक्षा झाली. केवळ डामडौलाच्या वस्तू विकणें त्यास जड वाटे. लोक ऐपतीबाहेर उधारीनें माल नेतात व मग कज्जांत सांपडतात, हें तो पाहत होता. म्हणून गरीब गिऱ्हाइकास स्वस्त व उपयोगी तेंच घेण्याचा सल्ला तो देई. धंदा वाढूं लागला तसा जीव त्यांतच गुंततो असें पाहून, इ. स. १७५६ च्या सुमारास त्यानें तो हळूहळू आवरता घेतला, गिऱ्हाइकांना दुसरें दुकान पाहण्यास वेळ दिला, आणि शिंपीकाम व सफरचंदाच्या रोपांची लागवड यांवर निर्वाह चालविला. भर तेजींत दुकान आवरणारा व्यापारी किती जणांनीं पाहिला असेल?

इ. स. १७५७ मध्यें दक्षिणेकडील प्रवासांत त्याला गुलामांच्या धन्यांकडे उतरावें लागे. त्यांच्या घरचा पाहुणचार म्हणजे गुलामांच्या श्रमाचें फुकट अन्न. म्हणून तो निघतांना त्या सेवकांसाठीं चांदीचीं नाणीं ठेवी. पुढें त्यानें गुलामांच्या श्रमांतून येणारी साखर वर्ज्य केली व बिनरंगाचीं वस्त्रें धारण केलीं. लोक हंसले. परंतु इ. स. १७५८ मध्यें फिलाडेल्फियाच्या क्वेकर महासभेनें गुलाम बाळगणाऱ्या बांधवांची समजूत घालण्यास मंडळ नेमलें, आणि इ. स. १७७६ मध्यें गुलाम न सोडणाऱ्यास पंथांतून काढण्याचा नियम केला.

हा दुसरा निर्णय पाहण्यास वुलमन उरला नव्हता. इ. स. १७७२ मध्यें तो इंग्लंडास गेला. तेथील टपालगाड्यांच्या घाईंत घोडे व गाडीवान पोरें यांचे हाल होतात असें ऐकून त्यानें त्या गाड्या वर्ज्य केल्या व तो लंडनहून उत्तरेकडे पायीं निघाला. यॉर्क येथें देवी येऊन ७ ऑक्टोबर रोजीं त्याचा अंत झाला. त्याची रोजनिशी इ. स. १७७४ मध्यें छापली गेली. तींत इ. स. १७७० च्या आजारांतील एक दृष्टान्त नमूद आहे: दुःखी माणसांचा एक काळसर समुदाय त्याला दिसला, आणि आपण त्यांतलेच एक आहों, यापुढें आपणांस निराळें मानतां येणार नाहीं, असें त्यास कळलें.

आमच्या मतें या चरित्राचें मर्म येथेंच आहे. शाश्वत सुखाची आशा वुलमनलाही होती. परंतु तें सुख दुसऱ्यास दुःखांत ठेवून एकट्यास मिळेल, हें त्यास पटेना. म्हणून पुण्याची वही वेगळी न ठेवतां त्यानें दुकानाचीच वही तपासली. वाचकहो, आपल्या वहींतही जमेची एकेक रक्कम कोणाच्या श्रमांतून आली, त्यास पुरता मोबदला मिळाला कीं नाहीं, व उधारीखालीं कोणाचें घर दबलें, हें एकदां पाहावें. देवापुढें तीच वही उघडावी लागणार असेल, तर ती आजच नीट लिहिलेली बरी.