पाच वर्षांच्या पीटरला खांदा कोणी दिला?

विल्यम कॅरे हे नाव आपल्याकडे दोनच ठिकाणी ऐकू येते. एक म्हणजे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापणारा बंगालमधला इंग्रज पाद्री म्हणून त्याची तीन-चार ओळींत बोळवण होते. दुसरे ठिकाण म्हणजे धर्मांतराच्या नावाने गळा काढणाऱ्यांची भाषणे. तिथे तर एकही ओळ अभ्यासाची नसते. या माणसाची पोटची मुले गेली, त्यातल्या एकाला पुरण्यासाठी माणसे मिळेनात, आणि पुढे मुलांचे बळी बंद करणाऱ्या कायद्यात त्याचा हात होता, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगितले पाहिजे, कारण त्या मातीआड झालेल्या पोराच्या आणि आपल्यामध्ये जात उभी आहे.

कॅरे यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. पोराला चांभारकी शिकायला धाडले. त्या देशात चांभारकी म्हणजे अस्पृश्यता नव्हे, हे ध्यानात ठेवावे; तुलना फार ताणू नये. पण गरिबी ती गरिबीच. वयाच्या विसाव्या वर्षी, १७८१ मध्ये, डोरोथी प्लॅकेट या मुलीशी त्यांचे लग्न झाले. डोरोथीबाईंना सही करता येत नव्हती. चर्चच्या नोंदवहीत त्यांनी फुली मारली. ज्या घरातून पुढे कितीतरी भाषांची पुस्तके निघाली, त्या घरची बाई निरक्षर होती.

पहिली मुलगी ॲन दोन वर्षांची असताना तापाने गेली. त्याच तापाने बापालाही धरले. तो जगला, पण डोक्यावरचे केस गेले. पुढे लेस्टर शहरात पाद्रीपण करताना दुसरी मुलगी लूसी गेली, तीही तान्ह्या वयात. त्या काळात इंग्लंडच्या गरीब घरात असे मरण रोजचेच होते. पण रोजचे म्हणून ते स्वस्त होत नाही. इथे आणखी एक गोष्ट नोंदवतो. तिथल्या सरकारमान्य चर्चच्या प्रार्थनाग्रंथातच नियम होता की, बाप्तिस्मा न झालेल्या मृताच्या अंत्यविधीला ती प्रार्थना म्हणायची नाही. कॅरे ज्या बाप्टिस्ट पंथात गेले, तो पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाही. माणसाने कळत्या वयात स्वतः श्रद्धा स्वीकारावी, असे तो मानतो. म्हणजे त्या पंथाची मुले गेली की सरकारी चर्चच्या दारी ती उपरीच. मेलेल्या लेकराला परके ठरवण्याचा मक्ता फक्त आपल्याच देशाकडे होता असे नाही. मात्र त्यासाठी अख्खी समाजरचना उभारण्याचा मान आपल्याकडच्या धर्मशास्त्राचा!

कॅरे यांची श्रद्धा साधी होती. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे आणि म्हणून कुठलाही जीव फेकून देण्यासारखा नाही, एवढे त्यांनी मनावर घेतले होते. प्रस्तुत लेखक बौद्ध आहे. देव, आत्मा, प्रतिमा ही भाषा त्याची नाही. पण माणूस आपल्या विश्वासातून कोणते आचरण काढतो, ते पाहावे लागते. कॅरे यांनी वेस्ट इंडीज बेटांतून येणारी साखर खाणे सोडले होते, कारण ती गुलामांच्या रक्तावर पिकलेली होती. हिंदुस्थानात येण्याआधीची ही गोष्ट आहे.

१७९२ मध्ये केटरिंग येथे बाप्टिस्टांची मिशनरी संस्था उभी राहिली आणि १७९३ च्या नोव्हेंबरात कॅरे बायकामुलांसह कलकत्त्याला उतरले. डोरोथीबाई यायला तयार नव्हत्या. त्या गरोदर होत्या. बाळंत झाल्यावर, ओल्या अंगाने, बहिणीला सोबत घेऊन त्या जहाजावर चढल्या. ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नकोच होते. पैसा नाही, परवाना नाही. शेवटी मालद्याकडे मदनाबाटी नावाच्या गावी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. निळीने बंगालच्या रयतेचे पुढे काय केले ते आपण जाणतो, आणि त्या धंद्याचा पगार कॅरे यांनी घेतला हेही खरे. ते झाकायचे कारण नाही.

ऑक्टोबर १७९४. पीटर पाच वर्षांचा होता, आणि चुरूचुरू बंगाली बोलू लागला होता. ताप आणि हगवणीने तो गेला. बाप स्वतः आजारातून उठत होता. आता पुढचे नीट वाचा. कारखान्यात पगारी सुतार होते, पण शवपेटी करायला कोणी तयार होईना. कबर खणायला कोणी पुढे येईना. बऱ्याच विनवण्या केल्यावर चार मुसलमान एकमेकांच्या आधाराने पुढे आले आणि त्यांनी खड्डा खणला. पण प्रेत उचलणार कोण? कारखान्यावर दोन-तीनशे माणसे राबत होती. त्यातला एकही माणूस पाच वर्षांच्या पोराला खांदा द्यायला तयार नव्हता. सात-आठ मैलांवर माणसे धाडली, तिथूनही नकार आला. शेवटी आपण नवरा-बायकोच लेकराला घेऊन जावे, असे कॅरे यांनी ठरवले. तेव्हा घरचा मेहतर, म्हणजे शौचकूप साफ करणारा नोकर, आणि जातीबाहेर टाकलेला एक मुलगा पुढे झाले. त्या दोघांनी पीटरला नेले.

त्या दोघांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

कॅरे यांनी या प्रसंगाचा दोष गावकऱ्यांच्या मनाला दिला नाही. त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता, हे त्यांना ठाऊक होते. दोष त्यांनी थेट जातीला दिला. बंगालमध्ये पाऊल ठेवून वर्ष होते न होते, तोच या परक्या माणसाला जे उमगले, ते आपल्या अनेक विद्वानांना विद्यापीठाच्या पदव्या घेऊनही उमगत नाही. जातीला माणसे दुष्ट असावी लागत नाहीत. चांगली माणसेसुद्धा ती व्यवस्थित चालवतात.

प्रकरण तिथेच संपले नाही. कबर खणणाऱ्या त्या चार मुसलमानांवर गावच्या मंडलाने, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाने, बहिष्कार टाकला. त्यांच्यासोबत कोणी खायचे नाही, प्यायचे नाही, हुक्का ओढायचा नाही. मुसलमानांवर जातीचा बहिष्कार! जात धर्माची कुंपणे कशी ओलांडते त्याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा. कॅरे यांनी मंडलाला बोलावून, कारखान्याच्या साहेबाचा दरारा वापरून तो बहिष्कार मोडायला लावला. आज आमच्या हातात अट्रॉसिटी कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने स्मशानभूमी वापरू न देणे आणि सामाजिक बहिष्कार टाकणे हे दोन्ही गुन्हे त्यात स्पष्ट शब्दांत आले. २०१६ चा महाराष्ट्राचा बहिष्कारविरोधी कायदाही आहे. कायदे आहेत, पण फिर्याद नोंदवून घेण्यासाठी आजही वकिलाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे अनुभवाने सांगतो.

चार लेकरे मातीला देणाऱ्या बाबासाहेबांची आणि माता रमाईची आठवण इथे कोणाला झाल्याशिवाय राहणार नाही. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. त्या दुःखाची जात वेगळी, त्याचे कारणही वेगळे. पण रिकाम्या झालेल्या घरात एक माणूस काम करत राहतो आणि एक बाई आतल्या आत खचत जाते, हे चित्र दोन्हीकडे दिसते.

डोरोथीबाई मात्र खचून थांबल्या नाहीत, त्यांचे मन पार मोडले. पीटरनंतर त्यांना वेडाचे झटके येऊ लागले. नवऱ्यावर नाना आरोप, आरडाओरडा. पुढे बारा वर्षे त्या तशाच राहिल्या, बराच काळ खोलीत बंद, आणि शेजारच्या खोलीत कॅरे भाषांतर करत बसलेले. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या वारल्या. कॅरे यांचे गुण गाणारे चरित्रकार ही पाने भराभर उलटतात. तसे करू नये. प्रत्येक जिवाचे मोल सांगणाऱ्या माणसाच्या घरात एका जिवाची किंमत चुकवली गेली. समुद्र ओलांडायचा का, हे त्या बाईला मनापासून कधी विचारलेच गेले नव्हते.

मालद्याच्या त्या मुलखात कॅरे यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. तान्हे मूल दूध पिईना, वाळू लागले की त्याला भूतबाधा झाली असे समजत आणि टोपलीत घालून झाडाला टांगत. जगले तर घरी आणायचे. कॅरे यांचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस यांनी अशा टोपलीतून खाली पडलेले एक मूल कोल्ह्याच्या तोंडून सोडवून आईच्या हाती दिले. पुढे त्याच झाडाखालून दोघे जात असता दुसरी टोपली लटकत होती. आत मुंग्यांनी खाल्लेला लहानगा सांगाडा होता. ज्याने नुकतेच आपले पोर पुरले, त्या बापाने हे पाहिले.

दुसरी प्रथा याहून भयंकर. गंगा जिथे समुद्राला मिळते त्या सागर बेटावर नवस फेडण्यासाठी मुले पाण्यात सोडत. ज्यांना मूल होत नाही त्या बायका गंगेला बोलत की, मुले होऊ देत, त्यातले एक तुला देईन. मग ते पाण्यात बुडे किंवा शार्क माशांच्या तोंडी जाई. त्या आयांना राक्षसीण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मूल नसलेल्या बाईला जो समाज जगू देत नाही, आणि त्या भीतीवर ज्यांची दक्षिणा चालते, त्यांचा हिशोब आधी मागितला पाहिजे.

१८०० च्या जानेवारीत कॅरे डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूरला आले. मार्शमन आणि वॉर्ड हे सोबती मिळाले, छापखाना सुरू झाला. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांना बंगाली शिकवण्याचे काम मिळाले; पुढे संस्कृत आणि मराठीही. मराठीचे काम त्यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केले. कोश मोडीत छापला. पगार मिशनच्या सामायिक पेटीत जाई. या नोकरीमुळेच सरकारदरबारी त्यांचा शब्द पोचू लागला. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या सरकारने बालहत्येची चौकशी केली, तेव्हा शास्त्रात तिला आधार आहे का, हे तपासण्याचे काम कॅरे यांच्याकडे आले. आधार नाही, असे त्यांनी कळवले. २० ऑगस्ट १८०२ रोजी १८०२ चा सहावा रेग्युलेशन निघाला. सागर बेटावर किंवा गंगेकाठी मूल पाण्यात सोडणे हा खून ठरला आणि त्यात साथ देणाराही गुन्हेगार ठरला. यात्रेला शिपायांची तुकडी गेली. प्रथा मोडली.

वकील म्हणून इथे थोडे थांबतो. हा कायदा झटकन झाला, कारण शास्त्राचा आधार नाही असे पंडितांनी सांगितले. समजा, आधार निघाला असता तर? याचे उत्तर सतीच्या प्रकरणात मिळते. कॅरे यांनी १७९९ मध्ये एक सती डोळ्यांनी पाहिली होती, थांबवण्याचा प्रयत्नही केला होता. पुढे त्यांनी कलकत्त्याभोवती तीस मैलांच्या टापूत माणसे पाठवून मोजणी केली. एका वर्षात चारशेहून अधिक बायका जाळल्याची नोंद झाली. पण १८०५ मध्ये सरकारने पंडितांना विचारले आणि पंडितांनी सांगितले की, शास्त्राची संमती आहे, फक्त गरोदर बाई, लहान मुलगी, तान्हे मूल असलेली आई अशांना सूट आहे. तान्ह्या मुलाला सांभाळायला दुसरे कोणी तयार असेल, तर तीही सूट नाही! झाले, कायदा लांबला. ४ डिसेंबर १८२९ उजाडावा लागला. जिवाची किंमत पोथीत शोधायची ठरली की असे होते. म्हणूनच जीविताचा हक्क कुठल्याही शास्त्राच्या संमतीवर न ठेवता संविधानात लिहावा लागला.

जातीपुढे मात्र कॅरे आणि त्यांचे सोबती नमले नाहीत. दक्षिणेतल्या जुन्या मिशनांनी ख्रिस्ती झालेल्यांची जात चालवून घेतली होती. सेरामपूरने ती दारातच अडवली. २२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल हा सुतार आणि त्याचा मित्र गोकुळ हे मिशनच्या लोकांसोबत एका पंक्तीला जेवले. बातमी फुटताच सुमारे दोन हजारांचा जमाव जमला आणि त्यांना ओढत अधिकाऱ्यापुढे नेले. सहा दिवसांनी कृष्ण पालचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी एका खोलीत डोरोथीबाई ओरडत होत्या आणि दुसरीकडे डॉक्टर थॉमस, त्यांचेही डोके फिरले होते. पुढे १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचे लग्न ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण तरुणाशी लागले.

त्याच वर्षी गोकुळ वारला. मदनाबाटीला नऊ वर्षे झाली होती. या वेळी कृष्ण पालने स्वतःच्या खर्चाने शवपेटीला आतून-बाहेरून पांढरी मलमल लावली. पेटी चौघांनी उचलली. मार्शमन, ब्राह्मणातून आलेला भैरव, मुसलमानातून आलेला पीरू, आणि चौथा फेलिक्स कॅरे, पीटरचा थोरला भाऊ. भावाला न्यायला माणूस मिळत नव्हता तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघत उभे होते.

हे सगळ्या ख्रिस्ती समाजात टिकले, असे मात्र म्हणता येत नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना स्मशानातही वेगळा कोपरा मिळतो, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलतींतूनही ते बाहेर राहतात. दोन्हीकडून मार.

सतीबंदीचा हुकूम बंगालीत उतरवण्यासाठी कॅरे यांच्याकडे आला तो रविवार होता, ६ डिसेंबर १८२९. वय अडुसष्ट. आयुष्यभर रविवारचे प्रवचन न चुकवणाऱ्या या माणसाने ते दुसऱ्यावर सोपवले, पंडिताला घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर संपवले. एक दिवसाचा उशीर म्हणजे आणखी काही बायका चितेवर, हा त्यांचा हिशोब होता.

९ जून १८३४ रोजी सेरामपूरला ते वारले. डॅनिश गव्हर्नरने निशाण अर्ध्यावर उतरवले. मिशनच्या स्मशानभूमीत त्यांना पुरले, आणि त्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे दगडावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि भजनातली दोन ओळींची नम्र कबुली एवढेच कोरले. मदनाबाटीची पीटरची कबर तिथून कितीतरी दूर, उत्तरेला राहिली.