चित्रकार सावळाराम हळदणकर

एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने ज्योतीला आडोसा करणारी ती स्त्री तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पैनगंगेच्या अलीकडील आपल्या जिल्ह्यातही एखाद्या मराठी घरात जुन्या दिनदर्शिकेतून कापलेले ते चित्र काचेच्या चौकटीत दिसते. मात्र चित्रकार कोण, असे विचारले की बहुधा राजा रविवर्म्याचे नाव ऐकू येते. रविवर्मा १९०६ साली निवर्तला आणि हे चित्र रंगले ते १९४५-४६ च्या सुमारास! ज्याने ते रंगविले तो आपलाच एक मराठी कलावंत. त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली कोकणातील सावंतवाडी येथे झाला. बालपणीच दिसून आलेल्या चित्रकलेच्या गोडीला संस्थानाचा आश्रय लाभला आणि १९०३ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्या वेळी सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते, तर आपले धुरंधर अध्यापक. शिक्षण आटोपताच, १९०८ साली, हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली व असंख्य विद्यार्थी घडविले. पुढे १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करणाऱ्यांतही ते होते. तैलरंगांवर त्यांचे प्रभुत्व होतेच. परंतु त्यांचा खरा जीव जलरंगांत रमे.

जलरंग हे मोठे निष्ठुर माध्यम आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देऊन ती झाकता येते. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. प्रकाश वरून लावता येत नाही, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा हात चुकला की तो गेलाच. दिव्याच्या उजेडाचे चित्र अशा माध्यमात काढणे म्हणजे धाडसच म्हटले पाहिजे.

दिवाळीत आपली कन्या गीता हिला हाती दिवा घेतलेली पाहून हळदणकरांना ही कल्पना सुचली. तिलाच समोर उभी करून त्यांनी चित्र सिद्ध केले आणि त्याला ‘ग्लो ऑफ होप’ असे नाव दिले. पुढे ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळेत गेले. रविवर्म्याची चित्रेही त्याच चित्रशाळेत आहेत. नावांचा घोटाळा होण्यास हेही एक कारण असावे.

मूळ चित्र ज्यांनी पाहिले त्यांना छापील प्रत फिकी वाटते, यात नवल नाही. छपाईत चेहरा येतो, साडी येते. परंतु बोटांच्या कडांतून पाझरणारा तो तांबूस उजेड हरवतो. म्हैसूर पाहून आलेला मनुष्य वर्षांनंतर राजवाड्याच्या कमानी विसरेल, पण ती बोटे विसरणार नाही. साडीचा रंग कोणता होता, याविषयी एकाच घरातील दोघे वाद घालतील; दिव्याविषयी मात्र एकमत! सहलीच्या निमित्ताने म्हैसूरला जाण्याचा योग आला, तर त्या चित्रापुढे घाई करू नका आणि खालचे नाव अवश्य वाचा.

हळदणकर १९६८ साली कालवश झाले. त्यांचे पुत्र गजानन हेही चित्रकार झाले. गीताबाई विवाहानंतर कोल्हापुरास राहिल्या आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्यांनी तेथेच देह ठेवला.